मदतीला धावणाऱ्यांची शाळा

भूकंप झाला, घर कोसळले, तर मदतीला सर्वांत आधी कोण येते? सरकारी पथक नव्हे, अग्निशमन दलाचा बंबही नव्हे. येतो तो शेजारी. पथक वाट काढत पोहोचेपर्यंत काही तास जातात आणि ढिगाऱ्याखालच्या माणसासाठी तेच तास मोलाचे असतात. मग हा शेजारी शिकलेला असला किंवा नसला तर काय फरक पडतो? याचा धडा जगाला मेक्सिको सिटीने दिला आणि त्याची मोठी किंमत मोजून दिला.

१९ सप्टेंबर १९८५. सकाळचे सात वाजून गेले होते. पॅसिफिक महासागराच्या किनाऱ्याजवळ ८ तीव्रतेचा भूकंप झाला. त्याचे केंद्र शहरापासून साडेतीनशे किलोमीटरच्याही पलीकडे होते. तरीही शहर उद्ध्वस्त झाले, कारण त्याचा मोठा भाग एका जुन्या तळ्याच्या तळावर वसलेला आहे. त्या मऊ गाळात हादरे कितीतरी पटींनी वाढले. शेकडो इमारती पडल्या. त्यात रुग्णालयेही होती.

विद्यार्थी, कामगार, गृहिणी, जो तो रस्त्यावर आला. रांगा लावून लोक हातोहात दगडमाती उपसू लागले. प्रख्यात ऑपेरा गायक प्लासिदो दोमिंगो यांचे नातेवाईक त्लातेलोल्को वसाहतीतल्या एका कोसळलेल्या इमारतीत राहत होते. तेही ढिगारा उपसायला उभे राहिले. काही तरुण तर स्लॅबच्या फटींतून सरपटत आत शिरले. लोक त्यांना ‘तोपोस’ म्हणू लागले. जमिनीखाली बिळे करून राहणाऱ्या एका प्राण्याचे हे स्पॅनिश नाव.

या स्वयंसेवकांनी आठशेहून अधिक माणसे जिवंत बाहेर काढली, असे मानले जाते. पण त्या पंधरा दिवसांत त्यांच्यापैकीच शंभरावर लोक प्राणाला मुकले. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी पुन्हा मोठा धक्का बसला होता. अर्धवट पडलेल्या इमारती कधी खाली येतील याचा नेम नव्हता. कुठला तुकडा हलवला तर वरचे काय कोसळेल, हे या मंडळींना कोणी शिकवलेलेच नव्हते.

भूकंपाच्या पट्ट्यातच वसलेल्या लॉस एंजेलिसच्या अग्निशमन दलाने या अनुभवाचा अभ्यास केला. संकटात लोक धावून जाणारच, त्यांना अडवता येणार नाही, तेव्हा त्यांना शिकवावे, असे त्यांनी ठरवले. १९८६ मध्ये रहिवाशांची तीस जणांची पहिली तुकडी तयार झाली. १९९३ पासून हे प्रशिक्षण अमेरिकाभर सुरू झाले.

यात शिकवतात तरी काय? गॅस आणि वीज बंद करणे, लहान आग विझवणे, रक्तस्राव थांबवणे, अनेक जखमींमध्ये आधी कोणाकडे पाहायचे ते ठरवणे. पहारीने जड स्लॅब थोडा उचलायचा, लगेच खाली लाकडी ठोकळे रचायचे आणि मगच पुढे उचलायचे. पण सर्वांत अवघड धडा वेगळाच आहे. एकट्याने आत जायचे नाही आणि इमारत पडायला आली असेल, तर आतून हाक ऐकू आली तरी बाहेर थांबायचे. मदतीला गेलेलाच अडकला, तर वाचवायची माणसे एकाने वाढतात.

मेक्सिकोनेही १९८६ मध्ये देशव्यापी नागरी संरक्षण यंत्रणा उभारली. तोपोस मंडळींनी आपले रीतसर पथक बांधले. १९ सप्टेंबर हा सरावाचा दिवस ठरला. २०१७ मध्ये त्याच तारखेला सकाळी सराव झाला आणि दोन-सव्वादोन तासांनी खराच भूकंप आला! त्या वेळी ढिगाऱ्यावर कोणी मूठ वर केली की शेकडो माणसे जागच्या जागी स्तब्ध होत. खालून येणारा क्षीण आवाज ऐकू यावा म्हणून.

आपल्याकडे २००५ मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला, २००६ मध्ये राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल उभे राहिले. २०१६ मध्ये ‘आपदा मित्र’ योजना आली. तिच्यात गावातल्याच तरुणांना बारा दिवस शिकवले जाते. याची निकड किती आहे, ते ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला दिसले. कृष्णेच्या पुरातून गावकऱ्यांना बाहेर काढणारी नाव उलटली. तिच्यात क्षमतेहून जास्त माणसे होती. १७ जण बुडाले. नाव चालवणारे आणि तिच्यात बसणारे, सगळे गावचेच होते.

धावून जायला आपल्या माणसांना कोणी शिकवावे लागत नाही. नावेत किती जण बसले की ‘आता पुरे’ म्हणायचे, हे मात्र शिकवावे लागते आणि तेही पाऊस सुरू होण्याआधी. आपल्या गावात, आपल्या सोसायटीत हे शिकलेली चार माणसे आहेत का, एवढे तरी आज प्रत्येकाने विचारून पाहावे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)