साखर, सॅकॅरीन आणि गोड सोडा : एका अपूर्ण तुलनेचा इतिहास

साखर घातलेला सोडा आरोग्याला अधिक बरा की साखरेऐवजी कृत्रिम मधुरक घातलेला, हा प्रश्न वरवर पाहता केवळ वैद्यकशास्त्राचा आहे. दोन पेये घ्यावीत, त्यांचे परिणाम मोजावेत आणि निर्णय द्यावा, इतके ते सरळ वाटते. परंतु ज्या देशात ह्या दोन्ही पेयांचा व्यापार वाढीस लागला त्या अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील सव्वाशे वर्षांचा वृत्तांत तपासला असता एक चमत्कारिक गोष्ट नजरेस येते. ह्या दीर्घ काळात कृत्रिम मधुरकांची चौकशी वारंवार झाली. साखरेचीही क्वचित झाली. पण दोहोंना एकाच तराजूच्या दोन पारड्यांत घालण्याचा प्रसंग जवळजवळ आलाच नाही. मधुरकाची तुलना संपूर्ण निर्धोकपणाशी होत राहिली, आणि साखरेची कशाशीच झाली नाही.

सॅकॅरीनचा शोध 1879 साली बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात आयरा रेमसेन यांच्या प्रयोगशाळेत लागला. तेथे काम करणारे कॉन्स्टंटिन फालबर्ग यांना जेवताना आपल्या हाताची चव विलक्षण गोड लागली, आणि दगडी कोळशाच्या डांबरापासून काढलेल्या एका संयुगाकडे त्यांचे लक्ष वळले. (पुढे 1937 साली सायक्लामेटचा शोध सिगारेटच्या टोकाला लागलेल्या गोडीमुळे आणि 1965 साली अस्पार्टेमचा शोध चाटलेल्या बोटामुळे लागला. तेव्हा ह्या क्षेत्रातील प्रगती बरीचशी न धुतलेल्या हातांची ऋणी आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.) फालबर्ग यांनी रेमसेन यांचे नाव वगळून पेटंट घेतले व जर्मनीत मॅग्डेबर्गनजीक कारखाना काढला. ह्या नव्या पदार्थाचा पहिला शत्रू वैद्य नव्हता, बीट-साखरेचा उत्पादक होता. 1902 च्या कायद्याने जर्मनीत सॅकॅरीनची विक्री औषधालयांपुरती मर्यादित करण्यात आली, आणि स्वित्झर्लंडमधून त्याची चोरटी आयात सुरू झाली. मधुमेही रुग्णाला जे औषध म्हणून द्यावयाचे, तेच इतरांना अन्न म्हणून वर्ज्य, ही विभागणी येथेच प्रथम कायद्याच्या भाषेत उमटली.

अमेरिकेत ह्या विभागणीला तात्त्विक रूप दिले ते कृषिखात्याच्या रसायन-विभागाचे प्रमुख हार्वी वायली यांनी. 1906 चा शुद्ध अन्न व औषध कायदा मुख्यतः त्यांच्याच खटपटीचे फळ होय. वायली हे मूळचे साखरेचे रसायनशास्त्रज्ञ. गोड ज्वारीपासून व बीटपासून साखर काढण्याच्या प्रयोगांत त्यांची कित्येक वर्षे गेली होती. त्यांच्या दृष्टीने साखर म्हणजे शक्तिदायी अन्न, आणि सॅकॅरीन म्हणजे अन्नाचा वेष घेतलेले डांबरजन्य द्रव्य. 1908 साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्यासमोर त्यांनी हे मत निःसंकोचपणे मांडले. रूझवेल्ट यांना त्यांच्या डॉक्टरने सॅकॅरीन नित्य घेण्यास सांगितले होते. ते अपायकारक म्हणणारा मनुष्य मूर्ख होय, अशा आशयाचे उत्तर त्यांनी तेथल्या तेथे दिले. हा किस्सा करमणुकीसाठी सांगितला जातो, परंतु त्यातील मर्म निराळे आहे. राष्ट्राध्यक्ष एका स्थूल रुग्णाच्या अनुभवावरून बोलत होते. वायली अजाण ग्राहकाच्या फसवणुकीविषयी बोलत होते. दोघांचे प्रश्नच वेगळे होते.

वादाचा निकाल लावण्यासाठी तज्ज्ञांचे पंचमंडळ नेमण्यात आले व त्याचे अध्यक्षपद, योगायोग असा की, रेमसेन यांच्याकडे गेले. दररोज 0.3 ग्रॅमपर्यंत सॅकॅरीन घेतल्यास अपाय होत नाही, असा मंडळाचा निष्कर्ष होता. तरीही सामान्य अन्नपदार्थांत त्याचा वापर निषिद्ध ठरविण्याचे पाऊल 1911–12 मध्ये उचलण्यात आले. कारण असे दिले गेले की, साखरेच्या जागी सॅकॅरीन घातल्याने अन्नाचे पोषणमूल्य घटते, म्हणून ती भेसळ होय. म्हणजे उष्मांक नसणे, जो गुण पुढे ह्याच द्रव्याचे सर्वांत मोठे भांडवल ठरला, तोच त्या काळी त्याचा दोष मानला गेला! स्वस्त मजुरीवर राबणाऱ्या व अर्धपोटी राहणाऱ्या कुटुंबांच्या काळात हा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता, हे वायलींच्या बाजूने नमूद केले पाहिजे.

त्याच वर्षी, 1911 मध्ये, टेनेसीमधील चॅटानूगा येथे कोका-कोलाविरुद्धचा प्रसिद्ध खटला उभा राहिला. सरकारने 1909 साली जप्त केलेली चाळीस पिंपे व वीस पिपे हीच तेथे प्रतिवादी होती. आरोप होता तो पेयात घातलेल्या कॅफीनविषयी. मेंदूवर, हृदयावर व मुलांवर होणाऱ्या परिणामांची साक्ष दिवसेंदिवस चालली. प्रकरण 1916 साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि अखेर कॅफीनचे प्रमाण कमी करण्यावर मिटले. त्या पिंपांतील अर्क मुख्यतः साखरेचा पाक होता. तो पाक मात्र आरोपीच्या पिंजऱ्यात कधीच उभा राहिला नाही.

साखररहित सोड्याचा खरा जन्म 1952 सालचा. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात 1904 पासून पेयांचा धंदा करणारे, रशियातून आलेले हायमन कर्श यांनी तेथील ज्यू समाजाच्या दीर्घकालीन आजारांच्या रुग्णालयातील मधुमेही व हृद्रोगी रुग्णांसाठी ‘नो-कॅल’ हे पेय तयार केले. सोडियम वर्ज्य असलेल्या रुग्णांनाही चालावे म्हणून त्यात कॅल्शियम सायक्लामेट वापरले होते. रुग्णांसाठी काढलेले हे पेय थोड्याच काळात सडपातळ राहू इच्छिणाऱ्या निरोगी लोकांच्या हाती गेले. 1958 साली ‘डाएट राइट’, 1963 साली कोका-कोला कंपनीचे ‘टॅब’, 1964 साली ‘डाएट पेप्सी’ अशी रांग लागली. औषध व अन्न यांमधील 1902 ची भिंत बाजाराने दहा-बारा वर्षांत पाडली.

कायदा मात्र त्याच सुमारास उलट दिशेने गेला. 1958 च्या दुरुस्तीतील ‘डिलेनी कलम’ असे होते की, जे संमिश्रक मनुष्यात वा प्राण्यात कर्करोग उत्पन्न करते असे आढळेल ते कोणत्याही प्रमाणात सुरक्षित मानू नये. सामान्यतः सुरक्षित समजल्या गेलेल्या पदार्थांना हे कलम लागू नव्हते, आणि साखर अर्थातच त्या वर्गात मोडत होती. 1969 साली सायक्लामेट व सॅकॅरीन यांचे मिश्रण प्रचंड मात्रेत दिलेल्या काही उंदरांच्या मूत्राशयात अर्बुदे आढळली, आणि ऑक्टोबरमध्ये सायक्लामेटवर बंदीची घोषणा झाली. त्यावेळी कोणीही असा हिशेब मांडला नाही की, बंदीमुळे जे लोक पुन्हा साखरेच्या सोड्याकडे वळतील त्यांचे काय होईल. कायद्याने तसा हिशेब मागितलाच नव्हता. 1985 साली राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने सायक्लामेट स्वतः कर्करोगकारक असल्याचा पुरावा दिसत नाही असे म्हटले. बंदी मात्र उठली नाही.

ह्या घटनेची दुसरी बाजू जवळजवळ अर्धे शतक अंधारात राहिली. सायक्लामेटच्या हानीविषयी संशोधन व्हावे म्हणून साखर-उद्योगाने 1960 नंतरच्या दशकात पैसा पुरविला होता. त्याच उद्योगाच्या संस्थेने हार्वर्डमधील शास्त्रज्ञांना मोबदला देऊन हृद्रोगाविषयीचा एक आढावा लिहवून घेतला. तो 1967 मध्ये प्रसिद्ध झाला व त्यात दोषाचा भार साखरेवरून स्निग्ध पदार्थांवर ढकललेला होता. मोबदल्याचा उल्लेख त्यात नव्हता. जुन्या पत्रव्यवहारावरून ही गोष्ट 2016 साली क्रिस्टिन कर्न्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी उजेडात आणली. त्यांनीच 2017 मध्ये आणखी एक प्रकरण पुढे आणले. उद्योगाच्याच पैशाने बर्मिंगहॅम विद्यापीठात 1968 पासून उंदरांवर प्रयोग चालू होते. पिष्टाऐवजी साखर दिलेल्या उंदरांत एका विकराचे प्रमाण वाढलेले आढळले, आणि त्या विकराचा संबंध तेव्हा मूत्राशयाच्या कर्करोगाशी जोडला जात असे. 1970 साली ह्या कामाचे अर्थसाहाय्य थांबविण्यात आले व निष्कर्ष प्रसिद्ध झाले नाहीत.

ह्यावरून साखरेने कर्करोग होतो असे सिद्ध होत नाही. तो प्रयोग अपुरा होता आणि त्यातील संकेत फार तर प्राथमिक होता. पण प्राणी तोच, अवयव तोच, काळही तोच. आणि एका संकेतावर राष्ट्रव्यापी बंदी आली, तर दुसरा कपाटात बंद झाला. इतिहासाच्या अभ्यासकाला ह्यापेक्षा स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल. 1976 साली साखरेचा अधिकृत फेरविचार झाला तेव्हा, त्या काळच्या सेवनाच्या प्रमाणात दंतक्षयाव्यतिरिक्त धोक्याचा पुरावा नाही, असा निर्वाळा देण्यात आला.

1977 मध्ये सॅकॅरीनवर बंदीचा प्रस्ताव आला. सायक्लामेट आधीच गेले होते, अस्पार्टेम अद्याप बाजारात नव्हते. मधुमेही रुग्ण व आहार-नियंत्रण करणारे नागरिक यांनी असा गहजब केला की, अमेरिकन काँग्रेसने नोव्हेंबरमध्ये बंदी स्थगित करून वेष्टनावर धोक्याची सूचना छापण्यावर समाधान मानले. दोन संकटांची तुलना करण्याची मागणी येथे प्रथम झाली, आणि ती शास्त्रज्ञांपेक्षा ग्राहकांकडून अधिक जोराने झाली, हे विशेष. उंदराच्या मूत्राची घडण मनुष्याहून भिन्न असल्यामुळे ती अर्बुदे मनुष्याला लागू पडत नाहीत, असे पुढे दिसून आले व 2000 साली ती सूचनाही काढण्यात आली. अस्पार्टेमला शीतपेयांत परवानगी 1983 साली मिळाली.

प्रत्यक्ष तुलना ज्याला म्हणता येईल असा प्रयोग फार उशिरा झाला. नेदरलंड्समध्ये 641 शाळकरी मुलांना अठरा महिने रोज 250 मिलिलिटर पेय देण्यात आले. निम्म्यांना साखरेचे, निम्म्यांना मधुरकाचे, आणि कोणते कोणाला हे मुलांना ठाऊक नव्हते. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार साखरेच्या गटातील मुलांचे वजन सरासरी 7.37 किलोग्रॅमने, तर दुसऱ्या गटातील मुलांचे 6.35 किलोग्रॅमने वाढले. फरक एक किलोचा. पण तो दिवसाला एका लहान डब्याइतक्या पेयाने पडलेला. उलटपक्षी, मोठ्या लोकसमूहांच्या निरीक्षणांत मधुरकाची पेये पिणाऱ्यांतही मधुमेह व हृद्रोग अधिक आढळतात. मात्र वजन वाढलेला मनुष्यच अशा पेयाकडे वळतो, म्हणून येथे कारण कोणते आणि कार्य कोणते हे ठरविणे अवघड आहे. 355 मिलिलिटरच्या डब्यात सुमारे 39 ग्रॅम साखर असते. तिच्यापुढे ठेवले असता मधुरकाचे पेय कमी हानिकारक ठरते, असे म्हणणे आजच्या पुराव्याला धरून होईल. पाण्यापुढे ठेवले असता ह्या पेयाच्या बाजूने तसे काहीच म्हणता येत नाही.

जुलै 2023 मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग-संशोधन संस्थेने अस्पार्टेमची गणना ‘संभाव्यतः कर्करोगकारक’ वर्गात केली, आणि त्याच दिवशी अन्न-संमिश्रकांच्या संयुक्त तज्ज्ञ-समितीने शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे रोज 40 मिलिग्रॅम ही जुनी मर्यादा कायम ठेवली. त्याआधी मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने वजन आटोक्यात ठेवण्याचे साधन म्हणून मधुरकांचा वापर करू नये अशी सशर्त शिफारस केली होती. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना ही शिफारस लागू नाही, असे तीत स्पष्ट म्हटले आहे. आणि 1952 साली ब्रुकलिनमध्ये हे पेय तयार झाले ते त्यांच्याचसारख्या रुग्णांसाठी.