देवाची सीमा आणि सरकारची सीमा : पुणे परिसरातील वनरक्षणाच्या कायद्यासंबंधी काही विचार

'अभयारण्य' हा शब्द आज मराठीत इतका रुळला आहे, की त्याच्या वंशाचा शोध घ्यावा असे सहसा कोणास वाटत नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'अभयवन' हा शब्द येतो. तेथील पशुपक्ष्यांना मारणाऱ्यास दंड सांगितला आहे. अभय द्यावयाचे ते राजाने, भोगावयाचे ते पशूंनी, आणि दंड भरावयाचा तो प्रजेने, ही कल्पनेची चौकट तेव्हापासून फारशी बदललेली दिसत नाही. परंतु पुण्याहून पश्चिमेस मावळ, मुळशी, भोर, आंबेगाव, जुन्नर या तालुक्यांतून सह्याद्रीच्या कड्याकडे गेले असता रान राखण्याची दुसरीच एक रीत दृष्टीस पडते. तीत राजा नाही. गावाच्या कडेला एखाद्या ओढ्याच्या उगमाशी चार-दोन एकर घनदाट झाडी उभी असते. तीत भैरी, वाघजाई, काळकाई किंवा नुसतीच 'वनदेवी' नांदत असते. आणि तेथील वाळके लाकूडही देवीचा कौल घेतल्यावाचून उचलावयाचे नाही, असा दंडक असतो. हीच देवराई. प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो या दोन रीतींच्या संबंधाचा. अधिक नेमके सांगावयाचे तर, तो संबंध कायद्याने दीडशे वर्षांत जवळजवळ जुळूच दिला नाही, या गोष्टीचा.

देवराया किती जुन्या, हे ठरविण्यास लेखी साधने अपुरी आहेत. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पुण्याभोवतीच्या डोंगरांतील मातृदेवतांची ठाणी पायी हिंडून पाहिली, आणि अशा देवरायांचा संबंध स्थिर शेतीच्या पूर्वीच्या शिकारी व फिरत्या जीवनाशी जोडला. त्यांचा 'मिथ अँड रिॲलिटी' हा ग्रंथ १९६२ साली प्रसिद्ध झाला. हे अनुमान सर्वांस मान्य होईलच असे नाही. तथापि देवराईतील देवता बहुधा शेंदूर फासलेल्या तांदळ्याच्या रूपात आणि पुष्कळदा छपराविना असते, ही गोष्ट त्यास अनुकूल आहे. मराठेशाहीतील राजसत्तेला वनरक्षणाची जाण नव्हती असे मात्र म्हणता येत नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड कसे तोडावे याविषयी विवेचन आहे. आंबा-फणसांस हात लावू नये, कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, असा त्याचा आशय. येथे ध्यानात घेण्याजोगे हे, की झाड राखण्याचे कारण म्हणून राज्यकर्ता रयतेच्या श्रमाकडे बोट दाखवितो. पुढील शतकातील कायद्यात हे बोट कोठेही आढळत नाही.

इंग्रजी अमदानीतील वनरक्षणाचा आरंभ, योगायोगाने, पुण्याच्या वेशीवरच झाला. दापोडी येथील सरकारी वनस्पती-उद्यानाचे प्रमुख डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांस १८४७ साली मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक नेमण्यात आले. गिब्सन हे पेशाने शल्यवैद्य. कोकणातील व घाटावरील झाडी तुटल्यामुळे ओढे आटतात, खाड्या गाळाने भरतात, हे त्यांनी सरकारच्या नजरेस आणिले. या विचारात आणि ओढ्याच्या उगमाशी देवराई राखणाऱ्या गावकऱ्याच्या व्यवहारात फारसे अंतर नव्हते. परंतु गिब्सन १८६० साली निवृत्त झाले, १८६३ साली बोरघाटातून आगगाडी धावू लागली, आणि रुळांखालील लाकडाची भूक वाढली. १८६५ चा पहिला वनकायदा या वातावरणात झाला. तो अपुरा वाटून १८७८ साली दुसरा आणि पुष्कळच कडक असा कायदा करण्यात आला.

१८७८ च्या कायद्याने जंगलाचे तीन वर्ग केले : राखीव, संरक्षित आणि ग्रामवन. वन एकदा राखीव ठरले की त्यातील ज्या हक्काची नोंद नाही तो हक्क संपला. त्यासाठी पद्धत अशी, की सरकारने जाहीरनामा काढावा, वन-जमाबंदी अधिकारी नेमावा, ठरावीक मुदतीत लोकांनी आपले दावे लेखी किंवा तोंडी मांडावेत. जो मांडणार नाही त्याचा दावा बुडाला. कागदावर ही पद्धत न्याय्य दिसते. पण देवराईचा दावा कोणी मांडावयाचा? गावकरी तेथून काही घेतच नव्हते. चराई, सरपण, राब यांचे हक्क सांगता येतात, कारण त्यांत उपभोग आहे. 'आम्ही येथे कुऱ्हाड लावीत नाही' हा हक्क कोणत्या रकान्यात लिहावयाचा? हिंदुस्थानातील न्यायालये देवमूर्तीस कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती मानतात, तिच्या नावे जमीन असू शकते, वादही चालू शकतो. परंतु छपराविना उभ्या तांदळ्याच्या वतीने मुदतीत अर्ज करणारा वहिवाटदार बहुधा नसतो. न वापरणे ही वहिवाट कायद्याला कळण्यासारखी नव्हती, असे माझे मत आहे. आणि पुढच्या सर्व गुंतागुंतीचे मूळ मला तेथेच दिसते.

अधिकाऱ्यांना देवराया ठाऊक नव्हत्या असे मानणे मात्र चुकीचे ठरेल. वनखात्याचे पहिले महानिरीक्षक डीट्रिख ब्रँडिस यांनी देशभरातील पवित्र वनांविषयी आदराने लिहून ठेविले आहे. गावाच्या ताब्यात वने असावीत असा त्यांचा आग्रह होता. बेडन-पॉवेल यांचे मत उलट. पूर्वीच्या राजाचा सर्व रानावर निरंकुश हक्क होता, तो वारशाने सरकारकडे आला, आणि लोकांस मिळत होती ती केवळ सवलत, असे त्यांचे प्रतिपादन. १८७८ च्या कायद्यावर छाप पडली ती दुसऱ्या मताची. ग्रामवनाचे कलम कायद्यात राहिले, १९२७ च्या कायद्यातही आले, पण आपल्याकडे ते बव्हंशी निजून राहिले.

पुण्यात याविरुद्ध आवाज उठला नाही असे नाही. जोतीराव फुले यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात जंगलखात्याने गायराने गिळली अशी तक्रार तिखट शब्दांत मांडली, सार्वजनिक सभेनेही हा प्रश्न हाती घेतला, आणि ठाणे-कुलाब्यातील गाऱ्हाण्यांच्या चौकशीसाठी १८८५ साली सरकारला आयोग नेमावा लागला. हा सारा वाद चराई, राब आणि लाकूडफाटा यांभोवती फिरला. ते स्वाभाविक होते, कारण पोटाचा प्रश्न आधी येतो. देवराई ही कोणाच्या पोटाची गोष्ट नसल्याने ती वादाबाहेर राहिली.

त्याच सुमारास, १८७९ साली, ऑस्ट्रेलियात सिडनी शहराच्या दक्षिणेस एक 'राष्ट्रीय उद्यान' घोषित झाले. उद्देश नगरवासीयांच्या विहाराचा होता. त्या भूमीत सहस्रावधी वर्षे राहिलेल्या मूळ रहिवाशांचा विचार तेथे आला नाही. तो भूप्रदेश कायद्याच्या दृष्टीने कोणाचाच नव्हता. आपल्याकडे 'सर्व रान राजाचे' हे गृहीत, तेथे 'सर्व रान कोणाचेच नाही' हे गृहीत. फलित एकच : राखणारा कागदावर दिसत नाही.

स्वातंत्र्यानंतर वनकायद्याशेजारी वन्यजीवांचा कायदा उभा राहिला. मुंबई राज्याने १९५१ साली वन्य पशुपक्ष्यांच्या रक्षणाचा अधिनियम केला. ताडोब्याचे राष्ट्रीय उद्यान १९५५ चे. चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता, हे विद्यार्थ्यांनी विसरू नये. १९७२ चा केंद्रीय अधिनियम आला आणि अभयारण्य व राष्ट्रीय उद्यान या संज्ञा देशभर एका अर्थाने रूढ झाल्या. हक्कांच्या चौकशीची रीत मात्र जुनीच राहिली, फक्त वन-जमाबंदी अधिकाऱ्याच्या जागी जिल्हाधिकारी आला.

याच वर्षांच्या आगेमागे श्रीवर्धन तालुक्यातील गाणी या गावची देवराई वनखात्याने तोडीसाठी आखली. गावकऱ्यांनी पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतील वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांच्याकडे मदत मागितली. वर्तक आणि माधव गाडगीळ तेव्हा देवरायांची पाहणी करीत होते. गावकऱ्यांचे म्हणणे सरळ होते, की गावाच्या पाण्याचा ओढा त्या झाडीतून येतो. त्याच झाडीत गारंबीची प्रचंड वेल होती. तिची साल सर्पदंश झालेल्या गुरांवर औषध म्हणून न्यावयास लोक दूरवरून येत. देवराई वाचली. या दोघांचा पश्चिम घाटातील देवरायांवरील निबंध १९७६ साली प्रसिद्ध झाला आणि विषयास शास्त्रीय मान्यता मिळाली. परंतु घटनेचा अर्थ पाहावा : झाडी राखावयाची होती ती, जंगल राखण्यासाठीच निर्माण केलेल्या खात्यापासून.

१९८५ साली पुणे, ठाणे आणि रायगड जिल्ह्यांच्या सीमेवर सुमारे १३१ चौरस किलोमीटरचे भीमाशंकर अभयारण्य घोषित झाले. ज्योतिर्लिंगाभोवतीचे सदाहरित रान, भीमेचा उगम, आणि शेकरू यांच्या रक्षणासाठी हे आवश्यक होते यात शंका नाही. शेकरू जमिनीवर क्वचितच उतरते. त्यास फांदीला फांदी लागलेले सलग रान पाहिजे, आणि चार-दोन एकरांच्या तुटक देवराया ती गरज भागवू शकत नाहीत. सरकारी सीमेची ही बाजू देवराईच्या कौतुकात हरवू देऊ नये. तथापि या रानात महादेव कोळ्यांची गावे आहेत, त्यांच्या देवराया आहेत. घोषणेत ते येतात ते ज्यांच्या हक्कांची चौकशी व्हावयाची असे लोक म्हणून, रान राखणारे म्हणून नव्हे.

त्याच १९८५ च्या ऑक्टोबरात ऑस्ट्रेलियात उलुरू या पवित्र खडकाची मालकी सरकारने अनंगू लोकांस परत दिली, आणि त्यांच्याकडून ती भूमी ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने राष्ट्रीय उद्यानासाठी घेतली. कारभारी मंडळात बहुमत अनंगूंचे. खडकावर चढू नये ही त्यांची जुनी विनंती होती. मंडळाने २०१७ साली ठराव केला आणि २०१९ पासून चढाई बंद झाली. देवाची सीमा अशा रीतीने कायद्याची सीमा झाली, पण त्यास ३४ वर्षे लागली. ऑस्ट्रेलियाचा इतिहास मूळ रहिवाशांच्या बाबतीत इतका रक्तलांछित आहे, की त्याचा आदर्श म्हणून उल्लेख करणे अवघड आहे. येथे घ्यावयाचे ते इतकेच, की मालक आणि राखणदार यांना एकत्र आणणारी कायद्याची रचना अशक्य नव्हती.

आपल्याकडेही पुढे काही दारे उघडली. १९७२ च्या अधिनियमात २००२ साली दुरुस्ती होऊन 'समुदाय राखीव क्षेत्र' ही नवी संज्ञा आली. २००६ च्या वनहक्क अधिनियमाने तर, परंपरेने राखलेल्या सामूहिक वनाचे रक्षण व व्यवस्थापन करणे हाच एक हक्क म्हणून मान्य केला. १८७८ साली ज्यास रकाना नव्हता त्यास १२८ वर्षांनी रकाना मिळाला! जैविक विविधता अधिनियमाखाली २०२० साली दोडामार्ग तालुक्यातील बांबर्डे-हेवाळे येथील रानजायफळाच्या दलदलीस जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला; ही जागा सुमारे अडीच हेक्टर, आणि ती देवराईच आहे. त्याच वर्षी आपल्या विद्यापीठाजवळील गणेशखिंड उद्यानासही तोच दर्जा लाभला. १८७३ साली आखलेले सरकारी उद्यान आणि निनावी हातांनी राखलेली देवराई एका यादीत आली.

देवराईही अभंग राहिली नाही, हे सांगितलेच पाहिजे. देवळाच्या जीर्णोद्धारासाठी देवीचीच झाडे विकल्याची उदाहरणे आहेत. तांदळ्यावर सिमेंटची घुमटी आली की भोवतीची फरसबंदी चार जुने वृक्ष घेऊन जाते. कौल लावणारी पिढी मुंबई-पुण्यास गेली. अशा स्थितीत कायद्याचा आधार नको असे म्हणता येणार नाही.

१८ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील ओरण म्हणजे तेथील देववनांच्या प्रकरणात निर्णय देताना, त्यांची पाहणी करून त्यांस वन मानावे असे सांगितले, आणि समुदाय राखीव क्षेत्राच्या कलमाचा मार्ग सुचविला. पण ते कलम खाजगी किंवा सामूहिक मालकीच्या जमिनीपुरते आहे. कोकणातील, विशेषतः सिंधुदुर्गातील बहुतेक देवरायांच्या सातबाऱ्यावर मालक म्हणून सरकारचे नाव आहे, आणि सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील अनेक देवराया राखीव वनाच्या सीमेत मोडतात. म्हणजे राजस्थानचा मार्ग महाराष्ट्रात चालविण्यापूर्वी प्रत्येक देवराई १८७८ नंतर कोणत्या जाहीरनाम्याने, कोणत्या वर्गात गेली, हे एकेका गावचे दप्तर काढून पाहावे लागेल. भीमाशंकर परिसरातील गावांपासून हे काम आरंभिता येईल. वन-जमाबंदीच्या कागदांत दावे जसे नोंदले आहेत तसे नाकारलेलेही नोंदले आहेत, आणि या प्रश्नाच्या दृष्टीने दुसरेच अधिक उपयोगी आहेत.