दंत-आरोग्यक

दातांवरील किटण खरवडून काढणारा, दातांना झिलई देणारा व मुखस्वच्छता शिकविणारा प्रशिक्षित व्यवसायी म्हणजे डेंटल हायजिनिस्ट. या व्यवसायाचा पाया अमेरिकेतील ब्रिजपोर्ट येथे आल्फ्रेड फोन्स या दंतवैद्यांनी घातला. त्यांनी १९०६ मध्ये आपल्या साहाय्यिका आयरीन न्यूमन यांना हे काम शिकविले आणि १९१३ मध्ये पहिले विद्यालय काढले. तेथे शिकलेल्या स्त्रिया शाळकरी मुलांचे दात स्वच्छ करून निगा शिकवीत. उपचारापेक्षा प्रतिबंध श्रेष्ठ, हे त्यामागील सूत्र होते. भारतात दंतवैद्य अधिनियम, १९४८ ने या व्यवसायाची व्याख्या केली व राज्यवार नोंदणीची तरतूद केली. तथापि महाराष्ट्रात बहुधा दंतवैद्यच किटण काढतात. त्यामुळे हा वर्ग लहान राहिला आणि शिकवणुकीचे मूळ कार्य मागे पडले.