टेकडी हलत नाही, दुकान हलते

४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले, टिपू सुलतान मारला गेला आणि लगेचच म्हैसूरच्या मुलखात दोन निराळ्या प्रकारच्या मोजण्या सुरू झाल्या. विल्यम लॅम्बटनने १८०० साली बंगळूरजवळ आधाररेषा मोजली आणि तिच्यावर त्रिकोण रचत डोंगरमाथ्यांच्या जागा पक्क्या केल्या. हीच पद्धत १८०२ मध्ये मद्रासहून निघून पुढे साऱ्या हिंदुस्थानभर गेली. कॉलिन मॅकेन्झीचे काम वेगळे होते. त्याने संस्थानचा नकाशा तर काढलाच, शिवाय गावे, तळी, घरे, पिके, देवस्थाने यांची विचारपूस करून टिपणेही जमवली. या कामासाठी त्याला कावली वेंकट बोरय्यासारख्या बहुभाषक सहायकांची गरज लागली. पुढे वाढत गेलेल्या त्याच्या संग्रहात मराठी हस्तलिखितेही आहेत. आज मोबाइलवरच्या नकाशात एखादे दुकान शोधताना या दोन्ही परंपरा एकत्र येतात. दुकानाची जागा दाखवणारी खूण लॅम्बटनच्या घराण्यातली. ते उघडे आहे का, किती वाजेपर्यंत, माल कसा मिळतो, हे सांगणारा मजकूर मॅकेन्झीच्या. पहिले काम उपग्रहांनी सोपे केले. दुसऱ्याला मात्र अजूनही दारात जाऊन विचारणारा माणूस लागतो. बंद पडून पुन्हा उघडलेल्या दुकानाला हा माणूस भेटत नाही आणि तिथेच दुकानाचे नुकसान होते. म्हणून नोंद दुरुस्त करणे हा दुकान पुन्हा उघडण्याचाच एक भाग मानला पाहिजे, आणि ते काम एकट्या मालकावर सोडून चालणार नाही.

नोंद शिळी होते, हे म्हैसूरला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. बेंजामिन लुइस राइसने संस्थानचे गॅझेटियर १८७०च्या दशकात सिद्ध केले. त्यात मोठे आठवडी बाजार कुठे भरतात, कोणत्या वारी भरतात आणि तिथे किती माणसे जमतात, याचे तक्ते होते. बाजाराची जागा, वेळ आणि गर्दी सांगणारी ही नोंद आजच्या ऑनलाइन नोंदीची सख्खी पूर्वज आहे. वीसेक वर्षांतच ती अपुरी पडली आणि १८९७ मध्ये राइसला सुधारित आवृत्ती काढावी लागली. त्याच वर्षी म्हैसूर शहरातला जुना लाकडी राजवाडा जळाला. दुसऱ्या वर्षी संस्थानात प्लेग शिरला. १९०३ मध्ये नगर सुधारणा मंडळ स्थापन झाले आणि शहराची नवी आखणी सुरू झाली. म्हणजे शाई वाळते न वाळते तोच शहर बदलू लागले होते. फरक एवढाच, की तेव्हा पुन्हा लिहिण्यासाठी पगारी माणूस नेमलेला होता. आजच्या नोंदवहीला असा नेमलेला दुरुस्तीकार नाही.

त्याचे परिणाम शहराच्या मध्यभागी दिसतात. व्हाइसरॉय लॅन्सडाउनच्या भेटीची आठवण म्हणून उभारलेल्या लॅन्सडाउन बिल्डिंगचा एक भाग ऑगस्ट २०१२ मध्ये कोसळला. चार जण दगावले आणि इमारत रिकामी करावी लागली. जुन्या पुस्तकांची दुकाने ही तिची ओळख होती. चार वर्षांनी, ऑगस्ट २०१६ मध्ये, देवराज मार्केटच्या उत्तर प्रवेशाकडचा भाग पडला. फुले, विड्याची पाने, केळी आणि कुंकवाचे ढीग यांसाठी हा बाजार ओळखला जातो. अशी पडझड झाली, की नकाशावर पुढचा क्रम ठरलेला असतो. बंद शटर बघून कुणीतरी ‘कायमचे बंद’ असे कळवतो. दुकान दोन गल्ल्या पलीकडे उघडते, मालक नवी नोंद करतो आणि जुन्या नोंदीवरचे वर्षानुवर्षांचे रिव्ह्यू जुन्या जागेवरच अडकून पडतात. खरे तर धंदा तोच असेल तर नवी नोंद करू नये. जुन्याच नोंदीचा ताबा घेऊन पत्ता बदलावा, ‘उघडे आहे’ असे कळवावे, फोन आणि वेळा तपासाव्यात, पाटीचा ताजा फोटो टाकावा. म्हैसूरमध्ये नावाचाही घोळ आहे. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव मैसूरु झाले, बेळगावचे बेळगावी झाले त्याच दिवशी. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या नावाचा रस्ता इंग्रजी अक्षरांत निरनिराळ्या तऱ्हांनी लिहिला जातो. नजरबाद भागात मैलारी हे नाव लावणारी डोशाची उपाहारगृहे एकाहून अधिक आहेत. अशा ठिकाणी एक चुकीचे अक्षर गिऱ्हाइकाला शेजारच्या दारात नेऊन सोडते.

यावर पहिला आक्षेप असा, की पिढीजात गिऱ्हाईक नकाशा बघून येत नाही. गावातल्या गिऱ्हाइकापुरते ते खरे आहे. पण म्हैसूर हे दसऱ्याचे शहर आहे. पुण्या-कोल्हापुराहून आलेल्या कुटुंबाला गल्लीतली आठवण उपयोगाची नसते. त्यांच्यासाठी मोबाइलवर बंद दिसणारे दुकान बंदच असते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: खासगी कंपनीची वही आपण फुकट का सांभाळायची? गूगलने २००८ मध्ये मॅप मेकर सुरू केले, लोकांनी त्यात रस्ते आणि दुकाने भरली, आणि २०१७ मध्ये कंपनीनेच ते बंद केले. हे ध्यानात ठेवून तीच माहिती ओपनस्ट्रीटमॅपसारख्या खुल्या नकाशातही भरावी. पण चुकीच्या नोंदीचा फटका कंपनीला बसत नाही, तो फुलवाल्याला आणि पुस्तकवाल्याला बसतो; म्हणून दुरुस्ती थांबवून कंपनीला धडा मिळत नाही. तिसरा आक्षेप रिव्ह्यूंच्या खरेपणाचा. विकतच्या स्तुतीचा उपद्रव खराच आहे. त्यासाठी भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये आयएस १९०००:२०२२ हे मानक आणले, पण ते ऐच्छिक आहे. तेव्हा खरा उपाय गिऱ्हाइकाच्याच हाती उरतो: दुकान पुन्हा उघडल्यावर तिथे जावे आणि काय घेतले, कसे होते, कुठे उघडले आहे, हे स्वतः लिहावे. मालक, कारागीर आणि माल बदलला असेल, तर जुन्या स्तुतीवर नव्या दुकानाचा हक्क नाही, हेही तितक्याच सरळपणे मानावे.

महानगरपालिकेचाही यात वाटा आहे. व्यापार परवाने तीच देते, मोडकळीला आलेल्या इमारती रिकाम्या करण्याचा हुकूमही तीच काढते. मग अशा इमारतीतले प्रत्येक दुकान कुठे गेले, कधी उघडले, याची यादी तिने जाहीर करायला काय हरकत आहे? राइसच्या काळी सरकारने बाजाराचे वार छापले, कारण बाजार चालू आहे हे कळणे ही सार्वजनिक गरज होती. ती गरज आजही तितकीच सार्वजनिक आहे. शहराने यादी द्यावी, मालकाने नोंद सांभाळावी, गिऱ्हाइकाने खरे लिहावे. या तिघांपैकी एकानेही हात आखडता घेतला, तर कष्टाने पुन्हा उघडलेले दुकान लोकांच्या लेखी बंदच राहील.