कोष्टकातील स्वर : देवगिरी ते इंदूर
१९७७ साली संगीतकार यानिस झेनाकिस यांच्या फ्रान्समधील ‘यूपिक’ या संगणकयंत्राने रेखाचित्राचे ध्वनीत रूपांतर करून दाखवले. तथापि आकृती आणि स्वर यांचे नाते याहून पुष्कळ जुने आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथात खंडमेरू, म्हणजे सात स्वरांच्या ५०४० क्रमांपैकी हवा तो क्रम त्याच्या अनुक्रमांकावरून शोधून देणारे पायऱ्यापायऱ्यांचे कोष्टक, सांगितले. याच विचाराशी जोडलेल्या मेरुखंड पद्धतीची, म्हणजे मोजके स्वर सर्व संभाव्य क्रमांनी मांडण्याची, तालीम सारंगीवादक शाहमीर खाँ यांनी इंदुरात पुत्र अमीर खाँ (मृत्यू १९७४) यांना दिली. आणि या गणिताला अतिविलंबित ख्यालात रसरूप देणे, हे गायक अमीर खाँ यांच्या इंदूर घराण्याकडून भारतीय संगीताला मिळालेले अमोल देणे होय.