मिराफ्लोरेस : एका निर्वासिताची बाग आणि तिचे पाठभेद

इतिहासाच्या साधनांची यादी करताना आपण शिलालेख, ताम्रपट, बखरी, पत्रे, नाणी अशा वस्तूंचा विचार करतो. बागेची गणना त्यात क्वचितच होते. याचे एक कारण उघड आहे. शिलालेख वाचला नाही तरी तो टिकतो. बागेला मात्र दोन उन्हाळे पाणी मिळाले नाही की तिचा मजकूर पुसला जाऊ लागतो. अमेरिकेतील टेक्सास राज्यात, सॅन अँटोनियो शहरात ‘मिराफ्लोरेस’ नावाची अशी एक बाग आहे. एका मेक्सिकन निर्वासिताने ती उभारली, त्याच्या कुटुंबाने काही दशके जोपासली, पुढे ती अनेक हातांतून गेली आणि आज मूळच्या सुमारे पंधरा एकरांपैकी साधारण साडेचार एकर उरली आहे. तिच्या जतनाचा प्रश्न वरवर पाहता नगरनियोजनाचा वाटतो. परंतु तो मुळात वाचनाचा प्रश्न आहे. त्रुटित संहितेत नेमके काय जपायचे, आणि तिने स्वतःच जे गाळले आहे त्याचे काय करायचे, असा तो प्रश्न आहे.

बागेचा कर्ता डॉ. औरेलियानो उरुतिया. त्याचा जन्म मेक्सिको सिटीच्या दक्षिणेकडील सोचिमिल्को येथे झाला. नाहुआत्ल भाषेत या गावाचे नावच ‘फुलांच्या शेतांची जागा’ अशा अर्थाचे आहे. तळ्याच्या उथळ पाण्यात गाळ आणि वनस्पती रचून केलेल्या ‘चिनाम्पा’ या शेतांवर तेथे शतकानुशतके भाज्या आणि फुले पिकत आली. १९८७ साली युनेस्कोने या परिसराचा जागतिक वारशात समावेश केला. या मातीतून आलेला उरुतिया राजधानीत नामांकित शल्यविशारद झाला. फेब्रुवारी १९१३ मध्ये जनरल विक्तोरियानो उएर्ता याने राष्ट्राध्यक्ष फ्रान्सिस्को मादेरो याची सत्ता उलथवली आणि मादेरोची हत्या झाली. उएर्ताच्या निकटवर्तीय असलेल्या उरुतियाकडे त्याच वर्षी काही महिने गृहखाते होते. ही राजवट जुलै १९१४ मध्ये कोसळली; परंतु त्याआधीच, अमेरिकी सैन्याच्या ताब्यात असलेल्या वेराक्रुस बंदरातून, उरुतियाने देश सोडला होता. सहकुटुंब तो सॅन अँटोनियोत स्थायिक झाला आणि वयाची शंभरी ओलांडून १९७५ साली निवर्तला. म्हणजे आयुष्याची साठ वर्षे त्याने देशाबाहेर काढली.

हे ‘देशाबाहेर’ मात्र नीट समजून घ्यायला हवे. १७१८ मध्ये स्पॅनिश सत्तेने वसवलेले हे शहर १८३६ पर्यंत मेक्सिकोचेच होते. १९१० नंतरच्या क्रांतिकाळात येथे निर्वासितांच्या लाटांमागून लाटा आल्या, आणि त्यांत परस्परांचे हाडवैरी असलेल्या पक्षांची माणसे एकाच वेळी होती. १९१३ मध्ये इग्नासियो लोसानो याने येथे ‘ला प्रेन्सा’ हे स्पॅनिश वृत्तपत्र सुरू केले. या वर्तुळात ‘बाहेरचा मेक्सिको’ ही कल्पना रुजली. खरा मेक्सिको क्रांतीने विस्कटून टाकला आहे. त्याची भाषा, श्रद्धा आणि रीत आता आपणच सीमेपलीकडे सांभाळून ठेवली पाहिजे, असा तिचा आशय. दुसरीकडे, याच शहरातील बहुसंख्य मेक्सिकन श्रमिक पश्चिमेकडच्या दाटीवाटीच्या वस्तीत राहत होते आणि गोऱ्या समाजाकडून रोजचा भेदभाव सोसत होते. अशा शहरात, उत्तरेकडच्या संपन्न भागात, ब्रॉडवे आणि हिल्डेब्रँड या रस्त्यांलगत, सॅन अँटोनियो नदीच्या उगमाजवळ उरुतियाने १९२१ साली जमीन घेतली. आपली संस्कृती घराच्या आतल्या खोलीत न ठेवता हमरस्त्यावर मांडणे हे त्या काळी एक विधानच होते.

ते विधान कोणत्या भाषेत केले आहे, हे पाहण्यासारखे आहे. बागेत अॅझ्टेकांचा शेवटचा सम्राट क्वाउतेमोक याचा लुइस सांचेस या शिल्पकाराने घडवलेला पुतळा उभा राहिला. पुएब्ला येथील तालावेरा पद्धतीच्या रंगीत फरशा कमानींवर, बाकांवर, कारंज्यांवर आल्या. ‘किंता मारिया’ ही छोटी वास्तू उभी राहिली. डॉक्टरचा स्वतःचा ब्राँझचा पुतळाही बागेत होता. म्हणजे स्थानिक आदिम वारसा, स्पॅनिश कारागिरी आणि कर्त्याचे आत्मचरित्र हे तिन्ही थर एकत्र आले. ‘मिराफ्लोरेस’ या नावात ‘फुले पाहा’ असे आवाहन आहे. सोचिमिल्कोच्या मुलाने नदीच्या उगमाशी फुलांची जागा पुन्हा वसवावी, हा योगायोग मानणे कठीण आहे.

या बागेतील सर्वांत विलक्षण काम दिओनिसियो रोद्रीगेस याचे. तोलुका येथे जन्मलेला हा कारागीर १९२० च्या दशकात सॅन अँटोनियोत आला. लोखंडी सळया आणि जाळी यांच्या सांगाड्यावर सिमेंट चढवायचे आणि ते ओले असतानाच त्यावर झाडाची साल, गाठी, भेगा, किडीची भोके कोरायची, ही त्याची ‘त्राबाहो रुस्तिको’ नावाची शैली. रंगांची कृती त्याने सोबतच्या माणसांनाही कळू दिली नाही. त्याची कामे पुढे मेम्फिस आणि नॉर्थ लिटल रॉक येथवर पोहोचली. सॅन अँटोनियोला लागून असलेल्या अलामो हाइट्समध्ये त्याने ट्रॉलीगाडीसाठी केलेला थांबा अजून उभा आहे. मिराफ्लोरेसमध्ये एक उपरोध असा की लावलेली फुलझाडे गेली आणि लाकडाचे सोंग घेतलेले सिमेंट राहिले. पण सिमेंटही अमर नसते. आतले लोखंड गंजले की ते फुगते आणि वरचे कवच तडकवते.

आता या संहितेतील गाळलेल्या जागेकडे वळू. सिनेटर बेलिसारियो दोमिंगेस याने सप्टेंबर १९१३ मध्ये उएर्ताच्या विरोधात जाहीर भूमिका घेतली आणि ७ ऑक्टोबरच्या रात्री त्याचा खून झाला. या खुनाशी उरुतियाचे नाव लोकापवादाने कायमचे जोडले. सिनेटरची जीभ शल्यविशारदाने कापली, ही आख्यायिका मेक्सिकोत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. ती सिद्ध झालेली नाही आणि उरुतियाने खुनाच्या काही आठवडे आधीच मंत्रिपद सोडले होते. तरीही तो हुकूमशाही राजवटीचा मंत्री होता, हे निर्विवाद आहे. दोमिंगेसच्या नावे मेक्सिकोचे सिनेट आपला सर्वोच्च सन्मान देते. त्याच्या जन्मगावाच्या नावातही त्याचे नाव आहे. मिराफ्लोरेसच्या दगडांत मात्र १९१३ सालाचा हा भाग नाही. एकाच घटनेची दोन स्मारके दोन देशांत उभी आहेत, आणि ती एकमेकांकडे पाठ करून आहेत.

पुढील कथा ऱ्हासाची आहे. १९६२ मध्ये बाग एका विमा कंपनीला विकली गेली, नंतर ती एका दूरध्वनी कंपनीकडे आणि मग एका विद्यापीठाकडे गेली. प्रत्येक मालकाबरोबर काही ना काही कमी झाले. तालावेरा फरशांनी मढवलेली भव्य प्रवेशकमान १९९० च्या दशकाच्या अखेरीस सॅन अँटोनियो कलासंग्रहालयात हलवली गेली. २००६ मध्ये उरलेली जमीन शहराच्या मालकीची झाली आणि त्याच वर्षी तिची नोंद ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत झाली. २०२२ मध्ये डॉक्टरांची पणती अॅन एलिस उरुतिया यांनी या बागेवर ग्रंथ प्रसिद्ध केला. जमिनीवरून नाहीसे झालेले बरेच काही त्या ग्रंथात जुन्या छायाचित्रांच्या आधारे पुन्हा एकत्र येते.

कमानीचे उदाहरण जतनाचा पेच नेमका दाखवते. संग्रहालयात गेल्याने ती वाचली, यात शंका नाही. पण प्रवेशद्वाराचा अर्थ ते कशात प्रवेश देते यावर ठरतो. बागेपासून तुटलेली कमान ही पोथीतून सुटलेल्या सचित्र पानासारखी असते. पान सुंदर असते, फ्रेममध्ये शोभते, परंतु आधीच्या आणि नंतरच्या ओळीवाचून ते केवळ चित्र होते. उलट, सारे काही १९३० साली होते तसे नव्याने घडवणे हाही उपाय संशयास्पदच. हरवलेल्या ओळी संपादकाने स्वतः रचून मूळ म्हणून छापल्या तर आपण तिला शुद्ध प्रत म्हणत नाही.

मला तिसरा मार्ग अधिक योग्य वाटतो. जे उरले आहे ते जागेवर सांभाळावे, जे गेले त्याची जागा रिकामी पण खूण केलेली ठेवावी, आणि ज्या कौशल्यातून बाग घडली ते कौशल्य जिवंत ठेवावे. या शेवटच्या बाबतीत सॅन अँटोनियो सुदैवी आहे. रोद्रीगेसच्या नात्यातील कार्लोस कोर्तेस यांनी ही सिमेंटकला पुढे चालवली. २००९ मध्ये खुल्या झालेल्या नदीकाठच्या नव्या टप्प्यात त्यांनी घडवलेली गुहा आहे. कृती लपवून ठेवणाऱ्या कारागिराची कला अखेर नात्यागोत्यातून आणि हाताच्या सवयीतून टिकली, हे जतनाचा विचार करणाऱ्यांनी ध्यानात घेण्याजोगे आहे. यादीत नोंद झाली म्हणजे वारसा वाचतोच असे नाही. त्याला शिकणारे हात लागतात.

आणि मौनाचे काय? दोमिंगेसचा उल्लेख करावा तर बागेचा अवमान होतो, करू नये तर इतिहासाचा, अशी विभागणी मला खोटी वाटते. ही बाग कृतज्ञ स्थलांतरिताची निरागस भेट म्हणून सांगितली तर ती केवळ शोभेची होते. एका मंत्र्याचे प्रायश्चित्त वा समर्थन म्हणून सांगितली तर फुलांकडे आणि कारागिरांकडे पाहायलाच नको. मायदेशाने नाकारलेल्या माणसाला आपला देश पुन्हा रचावासा वाटला, आणि रचताना त्याने कोणती पाने ठेवली व कोणती ठेवली नाहीत, हे दोन्ही एकत्र वाचता आले तरच मिराफ्लोरेस इतिहासाचे साधन ठरेल. क्वाउतेमोकच्या पुतळ्यापाशी येणाऱ्या विद्यार्थ्याला सोचिमिल्कोची चिनाम्पा, पुएब्लाची फरशी, रोद्रीगेसचे सिमेंट आणि १९१३ चा तो ऑक्टोबर या चारही गोष्टी कळायला हव्यात. साडेचार एकरांत तेवढी जागा नक्कीच आहे.