ओल्या फडक्याचा थर्मामीटर

आमचा नागपूरचा मावसभाऊ दर मे महिन्यात फोनवर विचारतो, "काय रे, किती आहे तुमच्याकडे?" मी म्हणतो, चौतीस. तो खदाखदा हसतो. त्याच्याकडे पंचेचाळीस असतात ना! एकदा हा गडी सुट्टीत बोईसरला आला, उकाडा बघून हौसेने कूलर घेऊन आला. संध्याकाळपर्यंत खोलीतली चादरसुद्धा ओलसर लागायला लागली आणि रात्री साहेब गच्चीवर झोपायला. तेव्हापासून जरा कमी हसतो.

मी मात्र लहानपणापासून 'नाजूक'. शाळेत कवायतीला डोळ्यांपुढे अंधारी यायची, डोकं ठणकायचं, मळमळायचं. "ऊन काय तुलाच लागतं का?" हे इतक्यांदा ऐकलंय की शेवटी मलाही ते खरं वाटायला लागलं. मागच्या विकांताला याचा इतिहास खणायला बसलो आणि पोचलो थेट इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या खाणीत.

जे. एस. हाल्डेन हा शरीरशास्त्रज्ञ. गरम, दमट जागी स्वतः उघड्या अंगाने बसायचा आणि स्वतःचाच ताप मोजायचा (असले लोक असतात!). १९०५ साली त्याने मांडलं ते थोडक्यात असं: साध्या थर्मामीटरवर जाऊ नका, ज्याच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळलंय तो बघा. फडक्यातलं पाणी उडालं की पारा उतरतो, घाम उडाला की आपण थंड होतो. हवेतच पाणी भरलेलं असेल तर दोघंही अडकले. वारा नसताना हा ओला पारा ३१ अंशांच्या वर गेला, तर स्वस्थ बसलेल्या माणसाचंही अंग तापत जातं.

सवयीप्रमाणे एक छोटा प्रोग्रॅम लिहून हिशेब केला. नागपूर: ४५ अंश, आर्द्रता १५ टक्के, ओला पारा २४ च्या आसपास. बोईसर: ३४ अंश, आर्द्रता ७० टक्के, ओला पारा २९! भावाला लगेच पाठवला. :)

गंमत म्हणजे उष्णता बाहेर टाकायचा हाच प्रश्न आमच्या शेजारी केवढ्या मोठ्या प्रमाणावर सोडवलेला आहे. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झालं. अणुभट्टीतल्या उष्णतेची जेमतेम एक तृतीयांश वीज होते, बाकीची समुद्राच्या पाण्यात सोडावी लागते. आणि तोच समुद्र आमची हवा ओली करून ठेवतो. बाबा एमआयडीसीत बॉयलरवर होते. घरी आले की तासभर कुणाशी बोलायचे नाहीत, बालदीत पाय सोडून बसायचे. आम्हाला वाटायचं, चिडलेत.

कवायतीचं कोडंही सुटलं. १९५० च्या दशकात अमेरिकी मरीन सैन्याचे नवे भरती झालेले जवान पॅरिस आयलंडच्या तळावर गरमीने कोसळत. त्यातून एक सूत्र निघालं, १९५७ साली प्रसिद्ध झालं: ओल्या पाऱ्याला ७० टक्के वजन, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्यातल्या पाऱ्याला २०, आणि साध्या थर्मामीटरला फक्त १०! कवायत कधी थांबवायची ते या आकड्यावर ठरू लागलं. म्हणजे धडधाकट जवानांनाही ऊन लागत होतं तर.

आपलं हवामान खातंसुद्धा उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी भागात किमान ४० अंश धरतं, किनाऱ्यावर ३७. तरी १६ एप्रिल २०२३ ला खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात लाखो माणसं उघड्या मैदानात, भर उन्हात बसली होती. पारा ३८ च्या आसपास. १४ जणांचा जीव गेला. त्या रात्री मावसभावाचा फोन आला. "अडतीसच होते ना रे?" यापुढे त्याला काही बोलता आलं नाही.

आता हापिसातल्या एसीवाल्या मंडळींसाठी दोन शब्द. अंगाला उष्म्याची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात आणि दिवसभर गारव्यात बसून ती मोडते. त्यामुळे रविवारी दुपारी एकदम क्रिकेट खेळायला उतरू नका. मळमळ, चक्कर सुरू झाली की सावली, पाणी, ओला शर्ट आणि पंखा. माणूस असंबद्ध बोलायला लागला तर मात्र अंगावर गार पाणी ओतत थेट हॉस्पिटल.

हे सगळं बाबांना वाचून दाखवलं. सूत्रात त्यांना रस नव्हता. खाणीत पंखे होते का, एवढंच विचारलं. हाल्डेनने तेही बघितलं होतं: वारा खेळता असेल तर ३१ ची मर्यादा ३४ पर्यंत जाते. बाबा म्हणाले, "आमच्याकडे एक होता. बंद."